तांब्यातलं पाणी

“ही टेप. आक्कांचा आवाज हाय हिच्यात. तेवढी पाठीमागची खटखट काढून दे,” माझा भाऊ गजादादा म्हणाला आणि रुमालात गुंडाळलेली छोटी कॅसेट त्यानं माझ्या टेबलावर ठेवली.

मी हेडफोन एका कानावरून सरकवला. “कुठल्या आक्का?”

“आमच्या मालकांच्या आई गं. दिवाळी झाल्यावर वारल्या न्हाईत का? महिन्याच्या जेवणाला मालकांच्या बहिणी येणारायत. आईचा आवाज ऐकायचाय म्हणत्यात. पण माग असे वाजत्यात की आक्का नुसतं तोंड हलवत्यात.”

हे आमच्या गावात नवं नव्हतं. इचलकरंजीत माणसं बोलत नाहीत, ओरडतात. गल्लीगल्लीत यंत्रमाग, दिवसरात्र खटखट. आमचे आबा, म्हणजे वडील, आत्याकडं पुण्याला गेले की त्यांना झोप लागायची नाही. शांततेनं कान दुखतात म्हणायचे. कुणाच्याही घरचं बारसं बघा, डोहाळजेवण बघा, साठी बघा, पाळण्यापेक्षा मागांचाच आवाज जास्त.

मी तेव्हा लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका स्टुडिओत कापाकापीला होते. बारावी नापास, लग्न मोडून माहेरी आलेली. स्टुडिओवाल्याला फक्त चित्र दिसायचं. आवाजाचं काय, वरून गाणं घातलं की झालं. मी मात्र आवाजाच्या मागं लागले. नवरीच्या मामाचं भाषण आणि त्यावर ओतलेला बँड, त्यातून मामा सुटा करायचा. कुणी शिकवलं नाही. संगणकाशी भांडून भांडून शिकले. गावात हे दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि त्याचा मला माज होता. का नसावा?

“कधीची टेप?” मी विचारलं.

“मागल्या साली खंडेनवमीची.”

“यंदाची नाही?”

“यंदा कसलं शूटिंग, उजे! आबांचं तसं झालं आणि पूजा निम्म्यातच आटपली.” त्यानं मान फिरवली. मला वाटलं, डोळे भरून आले. दादाच्या बाबतीत मला कायम चांगलंच वाटायचं.

आबांचं ‘तसं’ म्हणजे त्यांचा डावा डोळा गेला होता. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी माग बंद. बाकी कशाला नसेल, पण याला आमच्यातला प्रत्येक जण जपतो. पण हुपरेमालकांना माल तातडीनं पोचवायचा होता. पुढच्या शेडमध्ये पूजा आणि मागच्या शेडमध्ये दार लावून मागांची एक ओळ चालू. आबांना नको होतं. मालकांनी हात जोडले, म्हणून ते मागावर उभे राहिले. आणि धोटा उडाला. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना पोलाद बसवलेला लाकडी तुकडा, सुताची कांडी पोटात घेऊन मागात इकडून तिकडं गोळीसारखा धावतो. तो सुटला आणि आबांच्या डोळ्यात शिरला. दादा त्याच कारखान्यात होता. त्यानंच उचलून दवाखान्यात नेलं.

मालक मात्र चांगले वागले. दवाखान्याचं सगळं त्यांनी बघितलं. आबांच्या उशाशी बसून म्हणाले, “आबा, तुम्ही घरचे. भरपाईचा अर्ज करा, मी आडवा येणार नाही.” आम्ही अर्ज केला. आबांच्या सगळ्या म्हातारपणाचा भरवसा आता त्या अर्जावर होता. एका डोळ्याच्या विणकराला कोण मागावर उभं करणार? तारीख पडायची होती. अशा मालकाच्या मेलेल्या आईचं काम मी नाही म्हणणार होते काय?

“आणि मागल्या साली पण खंडेनवमीला माग चालू होते?” मी विचारलं.

“आपले न्हवं. शेजारच्या कारखान्याचे. मधी एक भिंत तर हाय.”

मी त्या कारखान्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मला पटलं.

टेप लावली. नवाकोरा माग, झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची बोटं. मागासमोर पाट, पाटावर तांब्याचा तांब्या, त्यात आंब्याची पानं. आक्का इरकली लुगड्यात, भोवती नातवंडं. आणि वरून आवाज असा की डोक्यावर कुणी खिळे ठोकतंय.

असल्या आवाजातून बोलणं काढायची रीत सोपी आहे, हात मात्र बसावा लागतो. जिथं कुणीच बोलत नाही असा तुकडा शोधायचा. नुसती खटखट. तो यंत्राला दाखवायचा आणि सांगायचं, हा बघ, हा कचरा; असला जिथं जिथं दिसेल तिथून काढ. पण हावरटासारखं काढलं तर माणूस विहिरीत पडून बोलतोय असं वाटतं. थोडं थोडं, परत परत. मी तीन दिवस बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का वर आल्या.

“ह्यो देव हाय रं बाळांनो,” त्या म्हणत होत्या. “हेच्यावर पाय ठेवायचा न्हाई. हेनं आपल्याला जेवू घातलं. वरीसभर राबतो, आज हेला इसावा. आज हेच्या अंगाला हात लावायचा तो फक्त फुलं घालायला.”

मी हेडफोन काढून रडले. माझी आई मी लहान असताना गेली. तिचा आवाज कुठंच नाही.

एक जागा मात्र ऐकेना. आक्का आरती म्हणता म्हणता थांबतात, मान वळवून मागच्या दाराकडं बघतात. तिथं खटखटीतून एक बारीक, टोकदार आवाज येत होता, दाराची बिजागरी करकरल्यासारखा, लांबलेला. तो खटखटीच्या जातीचा नव्हता म्हणून यंत्राला सापडत नव्हता. मग चौकटीबाहेरून कुणीतरी म्हणतं, “आक्का, चालू द्या,” आणि आक्का पुन्हा सुरू करतात. आरतीत ती बिजागरी फार घाण वाटत होती. मी सगळी दुपार घालवली. कांद्याचा पापुद्रा सोलावा तसा तो आवाज सोलून काढला. एक कण ठेवला नाही.

दादा न्यायला आला तेव्हा मी त्याला ऐकवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “आयला, उजे! कायच न्हाई गं मागं. देवळात बसल्यागत वाटतंय.”

“आता सांग तुझ्या मालकाला, कोण आहे तुझी बहीण.”

“सांगतो की. टेप आणि तबकडी दे. आणि त्यातलं पण पुसून टाक बघू.” त्यानं संगणकाकडं बोट केलं. “घरच्या बायकांचं शूटिंग. मालकांना आवडत न्हाई कुठं राहिलेलं.”

घरगुती काम दिल्यावर पुसायचं, ही स्टुडिओची रीतच होती. मी त्याच्यासमोर पुसलं. चार दिवसांनी मालकांकडून मला साडी आली. मोरपंखी. दादा म्हणाला, “मालकांच्या बहिणी हुंदके देऊन रडल्या.”

तारखेला मी तीच साडी नेसून गेले.

कामगार न्यायालयाची खोली लहान होती. समोर न्यायाधीश मॅडम. आबा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून, धुतलेली टोपी घालून बसले होते. शेजारी मी. दादासाठी मी जागा धरली होती. दादा आला आणि पलीकडच्या बाकावर हुपरेमालकांच्या शेजारी बसला.

“अरे, इकडं,” मी खूण केली. त्यानं बघितलं नाही.

“तिकडं का बसला ह्यो?” आबांनी विचारलं.

“मालकांशी काहीतरी बोलायचं असेल,” मी म्हणाले.

मालकांचा वकील उठला. सरळ म्हणाला, “अर्जदाराचं म्हणणं धादांत खोटं आहे. खंडेनवमीला आमच्या अशिलाकडं एकही माग चालत नाही. अर्जदार दारू पिऊन मागच्या शेडमध्ये शिरले, माग सुरू केला आणि स्वतःच्या चुकीनं जखमी झाले.”

आबांनी आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, “कुणाबद्दल बोलतोय ह्यो?”

“त्याच दिवशी, अपघाताच्या आधी पुढच्या शेडमध्ये पूजेचं चित्रीकरण चालू होतं,” वकील सांगत होता. “ज्या मागाची पूजा चालली आहे तो यंदाच श्रावणात घेतलाय, पावती जोडली आहे. मॅडमनी स्वतःच ऐकावं. माग चालू असते तर बोललेलं ऐकू आलं असतं काय?”

टीव्ही आणला. तबकडी लावली. आणि आक्का बोलायला लागल्या. “ह्यो देव हाय रं बाळांनो...”

खोलीत टाचणी पडली तर ऐकू आली असती. इचलकरंजीत इतकी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती. ती मी केली होती. माझ्या हातची होती. मॅडम नुसत्या ऐकत राहिल्या. बाकावरचा शिपाईसुद्धा डोळे पुसायला लागला.

यंदाची टेप. यंदाची पूजा.

पडद्यावर आक्का आरती म्हणता म्हणता थांबल्या. मान वळवून मागच्या दाराकडं बघितलं. आवाज काही नाही. कशाकडं बघितलं त्यांनी? “आक्का, चालू द्या.” यावेळी तो आवाज मी ओळखला. हुपरेमालकांचा होता.

आणि ती बिजागरीही ओळखली.

मी उठून उभी राहिले. “थांबवा. मॅडम, ते थांबवा. तांब्यातलं पाणी बघा.”

“खाली बसा. तुम्ही कोण?”

“ह्यांची मुलगी. आवाज बघू नका, मॅडम. तो मी धुतलाय. मीच. पाणी बघा.”

वकील ओरडायला लागला. मॅडमनी त्याला हातानं गप्प केलं, चष्मा नीट केला, पडद्याजवळ आल्या. पूजेच्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं. एकामागून एक वर्तुळं, न थांबता, एका ठेक्यात. आंब्याची पानं हलत होती. वारा नव्हता, समईची ज्योत सरळ उभी होती. आवाज मी काढला होता. जमीन कुठून काढणार?

“तुम्ही म्हणताय हा आवाज काढलेला आहे?”

“होय. माग वाजत होते. ऐकू येत नव्हतं इतके.”

“मूळ टेप कुणी दिली तुम्हाला?”

मी दादाकडं बघितलं. तो बुटाची नाडी बांधत होता. चपला घालणारा माणूस, त्या दिवशी बूट घालून आला होता.

“जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांचे जबाब घेते,” मॅडम म्हणाल्या. “अर्जदारांचा आधी.”

व्हरांड्यात मी दादाला गाठलं. “मागल्या सालची टेप काय रे?”

“हळू बोल.”

“हळू बोलायला कधी शिकलास? बूट घातल्यापासनं?”

“मागची लाईन मालकांनी माझ्या ताब्यात दिलीया,” तो म्हणाला. “पुढं माझ्याच नावावर करणारायत. आबांची भरपाई किती दिस पुरली असती? मी कमावलं तर आबांनाच घालणार न्हवं?”

“त्यांना दारुडा ठरवून घालणार?”

“ते वकिलाचं बोलणं. मी कुठं म्हटलं?”

“म्हणणार होतास की. साक्ष कशाची द्यायला आलायस? आक्कांच्या आरतीची?”

तो वाकून पुन्हा नाडी बांधायला लागला.

“ती किंकाळी कुणाची होती, तुला ठाऊक होतं.”

“मी शेजारच्याच मागावर हुतो,” तो म्हणाला. “मीच उचललं त्यांना. माझ्या अंगावर रगत हुतं, तुझ्या न्हवं.”

“आणि ती काढायला माझ्याकडं आणलीस.”

“मग कुणाकडं न्यायची?” तो खरंच बुचकळ्यात पडल्यासारखा म्हणाला. “गावात दुसऱ्या कुणाला येतंय?”

माझं कौतुकच करत होता तो. मी त्याला मारलं असतं. हात उचललाही होता. पण आबा पायरीवर बसून आमच्याकडं बघत होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. सगळं सांगितलं. चहा हातात तसाच धरून ते ऐकत होते.

“शेजारी कुठला कारखाना?” ते म्हणाले. “शेजारी जळणाची वखार हाय.”

“मला काय माहीत, आबा. दादानं सांगितलं.”

“मी वरडलो व्हय?” त्यांनी विचारलं. “मला वाटलं, मी गपच हुतो.”

“ओरडला होता.”

“आणि तू काढलास?”

“मीच.”

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “जाऊ दे. तुला काय ठावं.”

“आबा, आता आत गेल्यावर मॅडम विचारतील. घडलं ते सांगा, एवढंच. माग चालू होते, मालकांनी उभं केलं. पाणी त्यांनी बघितलंय. त्यांना पटलंय. फक्त तुमच्या तोंडून यायला पाहिजे.”

“मग गजाचं?”

“काय गजाचं?”

“त्येनं टेप दिली म्हणून तू सांगणार. मग त्येला धरत्याल?”

“धरू देत.”

आबांनी चहा पायरीवर ओतून टाकला.

आत गेलो. आबांना पिंजऱ्यात उभं केलं, शपथ दिली. हुपरेमालकांचा चेहरा पांढरा पडला होता. दादा खाली बघत होता. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “आजोबा, घाबरू नका. खंडेनवमीला मागच्या शेडमधले माग चालू होते का?”

आबांनी राहिलेल्या डोळ्यानं सगळी खोली बघितली. मग दादाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही.

“बंद हुते, बाईसाहेब.”

“आबा!” मी ओरडले.

“तिला बसवा,” मॅडम म्हणाल्या. “आजोबा, नीट विचार करून सांगा. मग तुम्हाला लागलं कसं?”

“मीच चालू केला एक. माझा मी.”

“खंडेनवमीला? कशाला?”

सणाच्या दिवशी मागाला हात लावणारा माणूस असा कसा असेल, हे आबांना सुचतच नव्हतं. मालकांचा वकील पुढं झाला. “प्याला होता ना तुम्ही?”

आबांनी टोपी काढली. पुन्हा घातली.

“व्हय,” ते म्हणाले. “जरा घेतली हुती.”

“आणि मुलगी म्हणते ते?”

“तिला आवाजाचा नाद हाय. कायबाय ऐकू येतं तिला.”

मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं. मग मान खाली घालून लिहायला लागल्या.

घरी जाताना आम्ही दोघंच होतो. दोन्ही बाजूंनी माग वाजत होते. कोपऱ्यावर आबा थांबले. 

“एक डोळा गेलाय, उजे. पोरगा बी घालवू व्हय?”

“आणि मी?” मी विचारलं. “मला भर कोर्टात वेडी ठरवलंत, ते?”

“तू शहाणी हाईस,” ते म्हणाले. “तू समजून घेशील.”

त्या मोरपंखी साडीचं मी फडकं केलं. स्टुडिओतल्या संगणकांचे पडदे पुसायला ते बरीच वर्षं पुरलं. आबा दादाकडं राहायला गेले. दादानं त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, हे मी कबूल करते. दुधाचा पेला, मऊ भात, औषधं, सगळं वेळेवर. माग त्याच्या नावावर झाले, पुढं आणखी झाले. गल्लीत लोक म्हणायचे, गजाननासारखा पोरगा पाहिजे. आबांबद्दल म्हणायचे, म्हातारा तरुणपणी पीत होता. आबा ऐकून घ्यायचे. मी त्या घरी गेले नाही. आबा वारले तेव्हा मी गेले, त्यांच्या तोंडात पाणी घातलं आणि परत आले.

त्यानंतर दादा माझ्या दुकानात आला. आता स्टुडिओचं दुकान माझं आहे. केस पांढरे, बूट चांगले. खुर्चीवर बसला, खिशातून मोबाइल काढला, रुमालानं पुसला आणि टेबलावर ठेवला.

“आबांचा आवाज हाय ह्येच्यात,” म्हणाला. “एवढाच हाय. दुसरा कुठं न्हाई. माझ्या शेडमधी पोरांनी काढलावता. कायतरी सांगत्यात माझ्याकडं बघून, पर ऐकूच येत न्हाई. तेवढी पाठीमागची खटखट काढून दे.”

मी लावून बघितलं. आबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, पट्टी नसलेला डोळा कॅमेऱ्याकडं. मागं दादाचे माग, सगळे चालू. आबा बोलत होते. बराच वेळ बोलत होते. एकदा हसले, एकदा टोपी काढून पुन्हा घातली. खुर्चीशेजारी स्टुलावर पाण्याचा पेला होता. त्यातलं पाणी थरथरत होतं.

दादा पुढं वाकला. “निघंल का गं?”

“निघेल,” मी म्हणाले. “दोन दिवसांचं काम आहे.”

आणि मोबाइल उचलून त्याच्या हातात परत दिला.

“उजे, बाप हाय तुझा बी,” तो म्हणाला. “तुला ऐकायचं न्हाई काय बोलले ते?”

“तू ऐक. तसाच ऐक.”

तो गेला. आबा काय बोलत होते, मलाही ठाऊक नाही. कधी कधी वाटतं, माझंच नाव घेतलं असेल. वाटू दे. मी हेडफोन कानावर ओढला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी बारशाचा पाळणा सोडवायला घेतला.